टोपीवर घासलेला कंगवा

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग मी सातवीला घरी करायला सांगितला होता. आज सायलीने तो वर्गात दाखवला, पण कंगवा घासला लोकरीच्या टोपीवर.

“आईच्या केसांवर करणार होते, बाई. पण ते केमोत गेले. ती म्हणाली, अगं वेडे, टोपी आहे की!”

कपटे टपाटप चिकटले. मुलं हसली. थोड्या वेळाने एकेक कपटा गळू लागला.

“असं का, बाई?”

“प्रभार हळूहळू हवेत निघून जातो.” वर्षानुवर्षं हेच उत्तर शिकवते, आज दुसरं हवं होतं.

“मग परत घासायचा?”

“हो, परत.”

ती घासू लागली. घंटा झाली, तरी मी तिला थांब म्हटलं नाही.