मागच्या भिंतीचा गिलावा

आमच्या घराची मागची भिंत पश्चिमेला होती आणि पाऊस नेमका तिकडूनच यायचा. भिंत दगड-विटांची, मातीत रचलेली, वरून पांढऱ्या मातीचा गिलावा. दर पावसाळ्यात तो सुटायचा. कुठे पोपडे निघत, कुठे मोठं ढेकूळ पडून आतल्या विटा दिसायला लागत. मग पितृपंधरवडा संपत आला, ऊन जरा कडक झालं, की घट बसायच्या आत भिंतीला ठिगळं लावायची. हे काम घरच्या बायकांचं. त्यासाठी गवंडी बोलवायची चाल चिंचवडात आमच्या आळीत नव्हती, आणि बोलावला असता तर आळीनं नावं ठेवली असती.

ते काम आम्ही दोघी जावा करायचो. मी धाकटी. थोरलीला अक्का म्हणायचे. चऱ्होलीहून लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि भाकरीही धड गोल होत नव्हती. अक्कानं मला हाताखाली घेतलं. तोंडानं फटकळ होती, पण मला ताप आला की माझ्या वाटणीचं पाणी तीच भरायची आणि वर मलाच चार शब्द सुनवायची. माहेरची आठवण मला फारशी आली नाही ती तिच्यामुळेच.

तोवर घर एक होतं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, आणि आमचे हे शेत सोडून तिथे बांधकामावर जायला लागले. थोरल्या दिरांना ते मुळीच रुचलं नाही. भावानं परक्याच्या भिंती बांधायच्या आणि घरचं रान मी एकट्यानं ओढायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यात काही तथ्य नव्हतं असंही नाही. शब्दानं शब्द वाढला, भाऊबंद बसले, आणि घराचे दोन भाग झाले. मधलं दार विटा लावून बुजवलं. एवढ्यानं दिरांचं समाधान झालं नाही. त्यांनी अक्काला बजावलं, "धाकटीशी बोललीस तर माज्या गळ्याची आन हाय."

आताच्या लोकांना हसू येईल. पण नवऱ्याच्या गळ्याची आण मोडली तर त्याच्या जिवाला अपाय होतो, हे अक्का पुरतेपणी मानायची. त्या दिवसापासून तिनं माझ्यापुढे ब्र काढला नाही. नदीवर समोरासमोर आलो तरी ती खाली मान घालून धुणं आपटायची. मी मनातून चरफडले. असली कसली आण आणि असली कसली ही बाई. मग एकदा तिचे डोळे भरलेले दिसले, आणि रागवायचं कुणावर तेच मला कळेना.

पहिला पावसाळा सरला आणि पंचाईत झाली. वाटणी आतून झाली होती, बाहेरून भिंत सलग एकच होती. अर्धी आज आणि अर्धी चार दिवसांनी लिंपली तर मधल्या सांध्याला भेग पडते आणि ओल दोन्ही घरांत शिरते. एकाच चिखलानं, एकाच दिवशी ती व्हायला हवी. अक्कानं हे दिरांच्या कानावर घातलं असणार. कारण एका सकाळी ते ओट्यावर उभे राहिले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कामापुरतं बोला. त्याला आन न्हाई."

मी आदल्या दिवशीच माती भिजत घातली होती. तिच्यात शेण आणि गव्हाचा भुसा टाकून मी पायानं तुडवायला लागले. तुडवून लोण्यासारखी मऊ झाली की तिचा गोळा करून अक्काच्या हातात द्यायचा. ती उजव्या हातानं तो भिंतीवर असा मारायची की तो तिथे बसलाच पाहिजे, आणि मग ओल्या तळव्यानं फिरवून सारखा करायची. 

"भुसा कमी पडला," अक्का भिंतीकडे बघत म्हणाली. "आन् तुला दिवस गेल्यात का? चाल बदललीया."

"व्हय. तिसरा लागलाय."

"मंग सांगायला आजपातूर थांबलीस?"

"सांगू कुणाला? तुमी बोलताय का माज्याशी?"

"बरं, व्हय भाईर. चिखलात नगं हुबी ऱ्हाऊस."

तिनं मला बाजूला केलं, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि स्वतः चिखलात उतरली. त्या दिवशी तुडवलंही तिनंच आणि मारलंही तिनंच. मी नुसतं पाणी देत होते आणि आम्ही बोलत होतो. वर्षभराचं सगळं बोललो. माहेरचं, पोराबाळांचं, दुखण्याखुपण्याचं, आळीतल्या कुणाचं कुणाशी बिनसलं त्याचं. मधेच दीर डोकावत. मग अक्का मोठ्यानं "पाणी आन की गं" म्हणायची. दीर लांब उभे राहून इकडे कमी, तिकडे जास्त, असं सांगत राहायचे. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते गेले की आमचं पुन्हा सुरू.

काम आम्ही पुरवून पुरवून केलं. जिथे गिलावा धड होता तिथेही अक्का नख घालून पोपडा काढायची आणि म्हणायची, हितं बी गेलंय बग. संध्याकाळी हातपाय धुऊन ती आपल्या दारानं आत गेली, मी माझ्या. पुढच्या वर्षीही असंच झालं, फक्त तेव्हा माझं पोर कडुलिंबाला बांधलेल्या झोळीत होतं आणि अक्का एका हातानं झोका देत होती. सणावाराची वाट बघावी तशी मी त्या एका दिवसाची वाट बघायचे.

त्या सुमाराला आमचे हे कारखान्यावर गवंड्यांच्या हाताखाली राहून गिलावा करायला शिकले. सिमेंटवर त्यांचा भारी जीव. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, साध्या माणसाला ते बघायला मिळणंही मुश्कील. एक पोतं ओल लागून कडेनं दगड झालं म्हणून मुकादमानं ते ह्यांना देऊन टाकलं. ह्यांनी ते चाळलं, आतलं बरंचसं चांगलं निघालं. त्या आनंदात ते मला म्हणाले, "पाय बघ तुझे, भुशानं चिरलेत. पदरात पोर असताना कसला चिखल तुडवतेस? यंदा मी भिंत कायमचीच करून टाकतो."

नवरा आपल्या पायांकडे बघतो, हेच त्या काळी केवढं होतं. माझा ऊर भरून आला, पण मला चिखलच हवा आहे, हे त्यांना सांगायचं कसं? "राहू द्या की, आम्ही करतो," एवढंच मी म्हणाले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या श्रमाची काळजी करतेय. ते आणखीच हुरूपले.

त्यांनी भावालाही विचारलं. दोन्हीकडची भिंत मीच करतो म्हणाले. दीर म्हणाले, "कर बाबा. कारखान्यानं शिकवलंय तुला." सुट्टीच्या दिवशी ह्यांनी जुनी माती खरवडून काढली, विटांमधल्या फटी मोकळ्या केल्या, भिंत भिजवली आणि थापीनं वाळू-सिमेंट मारलं. काम देखणं झालं, खोटं कशाला बोलू. पुढे कित्येक दिवस त्यावर पाणी मारावं लागतं म्हणाले तेव्हा मला आशा वाटली, हे तरी आमच्याकडे देतील. पण कारखान्यात जायच्या आधी आणि आल्यावर तेच मारायचे. अक्का तिच्या मागच्या दारात येऊन उभी राहायची आणि बघायची. तिला काम नव्हतं, म्हणून तिला बोलताही येत नव्हतं.

पुढचा पावसाळा जोरात झाला. तो संपल्यावर मी मागे जाऊन भिंत बघितली. कुठे एक पोपडा नाही. एका जागी नख घालून बघितलं तर नखच तुटलं. घट बसले, दसरा झाला, दिवाळी झाली. त्यानंतर अक्का नदीवर यायची बंद झाली. धुणं घेऊन तिची मुलगी यायची. मला वाटलं, हिला आता माझं तोंडही बघायला नको झालंय. मग मीही रुसले. तिच्या मागच्या दारात ती दिसली की मी मान फिरवून आत यायचे. दुसरा पावसाळाही तसाच गेला.

त्या थंडीत अक्का गेली.

बायकांनी मला बोलावलं, मी आंघोळ घालायला बसले. तिचा उजवा हात सुजून फुगला होता. काखेत गाठ होती, ती फुटलेली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "लई दिस झाले. कुणाला दावली न्हाई बग. मालकाला बी अखेरीला कळलं." मी त्या हातावर पाणी घालत राहिले.

भिंतीला त्या वर्षी माती लागली असती तर पहिला गोळा मारतानाच मला कळलं असतं. तिचा हात वर जात नाही, हे माझ्याआधी दुसऱ्या कुणाला दिसणार होतं? दुखण्याखुपण्याचं ती मलाच सांगायची. ह्यांना कारखान्यामुळे पुण्यातले मोठे दवाखाने माहीत झाले होते, आम्ही तिला नेली असती. वाचली असती का, ते मला सांगता येत नाही. पण ती तिकडे एकटीनं सोसत होती आणि मी भिंतीच्या अलीकडे तिच्यावर रुसून बसले होते, एवढं तरी टळलं असतं. ह्यांना मी हे कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी ती भिंत माझ्या पायांसाठी केली होती.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी थोरले दीर आमच्या दारात आले. वाटणीनंतर पहिल्यांदाच. माझ्याशी थेट बोलायची त्यांची रीत नव्हती, म्हणून ते चौकटीकडे बघून बोलले.

"ती आन सुटली म्हन," ते म्हणाले. "आता घरला येत जा. बोलाय-चालाय हरकत न्हाई."

"कुणाशी बोलू?" मी विचारलं.

ते टोपी काढून उंबऱ्याशी खाली बसले, आणि मी कितीतरी वेळ त्यांना आत या म्हटलं नाही.