खिडकीकडचा ड्रम

दाजी चिडले की आवाज चढवत नाहीत, उतरवतात. शेवटी इतका बारीक करतात की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाला शब्द बरोबर लागतो. ही त्यांच्या कामाची सवय. एकतीस वर्षं ते रुग्णालयात कान तपासायचे. जिन्याखाली खोली होती. भिंतींना भोकाभोकांचे जाड तक्ते, मधोमध दुहेरी काच. काचेपलीकडे पेशंट दाजींकडे तोंड करून बसायचा. त्याच्या डोक्यावर हेडफोन, लाल वाटी उजव्या कानाला, निळी डाव्याला. अलीकडे यंत्रापाशी दाजी. म्हातारे, पोरं, पोलीस, शिंपी, सगळ्यांना एकच वाक्य: "ऐकू आलं की बोट वर करा." मग एकेक सूर खाली खाली न्यायचा, आणि बोट वर यायचं थांबलं की कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. कोण ऐकू येऊन न आल्यासारखं करतोय, हे त्यांना नुसत्या बोटावरून कळायचं.

दिवसभर असे मरत जाणारे सूर ऐकून घरी आलं की त्यांना पोटात शिरणारा आवाज लागायचा. गावातला एक जुना क्लब बंद पडला तेव्हा तिथल्या सामानातून त्यांनी एक स्टीरिओ रिसीव्हर, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन स्पीकर उचलून आणले. रिसीव्हरचा पुढा चंदेरी, बाजूंना लाकूड. चालू केला की स्टेशनांची लांब पट्टी पिवळी उजळते आणि आत काहीतरी टक् करून जागं होतं. आवाजाचं बटण लिंबाएवढं, फिरवताना जड. स्पीकर गुडघ्याहून थोडे उंच, पुढे तपकिरी कापड. आतल्या पडद्यांच्या कडा दोनदा कुजून गळाल्या, दोनदा दाजींनी त्या स्वतः कापून चिकटवल्या. स्पीकर कुठे ठेवायचे आणि आपली खुर्ची कुठे, हे त्यांनी आठवडाभर सरकवून ठरवलं आणि फरशीवर ताईच्या नेलपॉलिशने खुणा केल्या. केर काढताना खुर्ची बोटभर जरी हलली तरी त्यांना बसल्याबसल्या कळायचं.

माझी ताई त्या यंत्राला सवत म्हणते. "हिला उन्हात ठेवायचं नाही, हिच्या अंगावर ओलं फडकं नाही, हिच्या डोक्यावर फुलदाणी नाही. मला कधी विचारलंय, तुझ्या डोक्यावर किती ओझं आहे म्हणून?" यावर दाजी सुपारीचा तुकडा गालात सरकवावा तसं एक हसू सरकवून टाकत.

खुर्ची मात्र एकच होती.

यंदा दाजी सत्तर वर्षांचे झाले. रिसीव्हरही म्हातारा झाला होता. बटण फिरवलं की खरखर यायची, एका बाजूचा आवाज मधेच बसायचा. भाच्याने ठरवलं, बाबांना न सांगता तो दुरुस्त करून घ्यायचा. कटात मीही होतो. माझ्या घराचं वायरिंग बघायला या म्हणून मी दाजींना आठ दिवस माझ्याकडे अडकवून ठेवलं. इकडे भाच्याने एक माणूस बोलावला, जुनी यंत्रं दुरुस्त करणारा. तरुण, केस मागे बांधलेले. ताईने दारातच त्याचं नाव शेंडीवाला ठेवलं. त्याने रिसीव्हर जेवणाच्या टेबलावर उघडला, वाळलेले कंडेन्सर बदलले, बटणांच्या पोटात औषध मारलं, दिवे बदलले, मागच्या वायरी नीट लावल्या. ताई म्हणाली, हात हलका होता पोराचा, दोन दिवसांत एक वाटी फुटली नाही.

दाजी परतले तेव्हा आम्ही सगळे रांगेत उभे. रिसीव्हर चकाकत होता. दाजींनी बटणावर बोट ठेवलं, फिरवलं. खरखर नाही. त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले. भाच्याने त्यांची आवडती रेकॉर्ड लावली: एक बाई गाते, एकजण पियानो वाजवतो, एकजण ड्रम. कव्हर कधीच फाटून गेलेलं, त्यामुळे ती माणसं कोण, कुठली, हे घरात कोणालाच माहीत नाही. दाजी खुर्चीत बसले, डोळे मिटले.

अर्धं गाणं झालं आणि त्यांनी डोळे उघडले.

"माणसं हलली आहेत," ते म्हणाले.

"कोण माणसं?"

"ड्रमवाला. तो इकडे नसतो. पियानोवाला त्याच्या जागी जाऊन बसलाय."

भाचा हसला. "बाबा, रेकॉर्ड तीच आहे. माणसं आत रेकॉर्ड झाली आहेत, उठून कुठे जाणार?"

"तेच विचारतोय."

"फक्त साफ केलंय सगळं. आता जास्त स्पष्ट येतंय म्हणून तुम्हाला वेगळं वाटत असेल."

"स्पष्ट येतंय. चुकीच्या बाजूने स्पष्ट येतंय."

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मग तो अगदी मायेने, खाली बसून, बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, रागावू नका. एकदा कान तपासून घ्या ना. एका बाजूचं कमी झालं असेल, तर असं होतं म्हणे."

स्वयंपाकघरात कालथा थांबला. दाजींनी गुडघ्यावरचा हात उचलून बाजूला ठेवला, जशी परक्या माणसाची पिशवी बाजूला ठेवतात. "म्हणे?" ते म्हणाले, आणि आवाज इतका खाली गेला की आम्ही दोघेही वाकलो. "कोण म्हणे? माझ्याशिवाय हे या घरात कोण म्हणे?"

म्हाताऱ्या माणसाच्या तक्रारीचं मला नेहमी नवल वाटतं. तरुण माणूस म्हणाला नळाला पाणी नाही, तर लोक नळ बघतात. म्हातारा म्हणाला, तर म्हाताऱ्याला बघतात. आणि हे सगळं प्रेमाने चालतं. प्रेमाने बोललेल्या अपमानाला उलट बोलायची सोय नसते. माणूस तो गिळतो आणि घरातले म्हणतात, बघा, शांत झाले.

दाजी शांत झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बरोबर घेऊन ते आपल्याच जुन्या खोलीत गेले. खोली तीच, यंत्र नवं. यंत्रापाशी एक मुलगी, तिने दाजींना ओळखायचं काही कारण नव्हतं. त्यांनीही ओळख दिली नाही. तिने त्यांना काचेपलीकडच्या खुर्चीत बसवलं आणि कानाशी येऊन बाजारात ओरडावं तशी ओरडली, "आजोबा! ऐकू आलं! की बोट! वर करा!"

मी अलीकडे उभा होतो. काचेतून दाजींचा चेहरा दिसत होता. एकतीस वर्षं ज्यांनी ते वाक्य म्हटलं, त्यांच्यावर आज ते टाकलं जात होतं, तेही तुकडे करून. त्यांनी बोट वर केलं. खाली. वर. मधेच ते यंत्राच्या दिव्यांकडे, मग आपल्या हाताकडे बघत राहिले, इतका वेळ की मुलीने विचारलं, "आजोबा, लक्ष आहे ना?"

बाहेर आल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. लाल गोल आणि निळ्या फुल्या टोकाकडे उतरत गेल्या होत्या, पण जवळजवळ एकमेकांवर. "बघ मेव्हण्या. वरचे सूर गेले. जाणारच. पण दोन्हीकडचे सारखे गेले. एक बाजू पडलेली नाही. माझा कान ड्रमवाल्याला उचलून दुसरीकडे नेणार नाही." मग जिना चढताना थांबले. "एवढ्या वर्षांत त्या खुर्चीत मी आज पहिल्यांदा बसलो. तिथून सगळं वेगळंच दिसतं रे." मला वाटलं, म्हातारपणाबद्दल बोलतायत. मी मान हलवली.

घरी येऊन त्यांनी भाच्याला फर्मान सोडलं: त्या माणसाला बोलाव.

संध्याकाळी शेंडीवाला आला. ताईने त्याला पाणी दिलं. दाजींनी कागद त्याच्यापुढे टाकला. "हे माझे कान. आता तुझे हात दाखव. मागे काय केलंस?"

पोरगा गोंधळला नाही, हे सांगायला हवं. तो रिसीव्हरच्या मागे वाकला. "काका, काही चुकीचं नाही केलं. उलट चुकलेलं दुरुस्त केलं. तुमच्या वायरींवर लाल आणि निळी खूण होती. लाल म्हणजे उजवा, बरोबर? पण ती लाल वायर तुमच्या डाव्या हाताच्या, खिडकीकडच्या स्पीकरला गेली होती. मला वाटलं कोणीतरी घाईत उलटं जोडलं. मी सरळ केलं."

"आणि सांगितलं नाहीस."

"एवढंसं काय सांगायचं..."

 दाजी दोन्ही स्पीकरांकडे बघत होते, आणि मला त्यांची नजर ओळखीची वाटली: सकाळी काचेपलीकडून ते अशाच नजरेने आपल्या हाताकडे बघत होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर बसलेल्या माणसाचा उजवा कान आपल्या डाव्या हाताला येतो. एकतीस वर्षं दाजींची लाल वाटी त्यांच्या डावीकडे होती. दोन स्पीकर आणले, समोर ठेवले, तेही त्यांच्या लेखी समोर बसलेले पेशंट झाले. उजवा म्हणजे त्या स्पीकरांचा उजवा. लाल खूण खिडकीकडे. ज्या माणसाला उभ्या जन्मात कोणाचा कान चुकला नाही, त्याने घरात पहिल्या दिवसापासून सगळं संगीत आरशातून ऐकलं होतं.

भाच्यालाही कळलं. तो सुटल्यासारखा हसला. "म्हणजे बाबा, चूक तुमचीच! आता बरोबर आहे."

"हो. चूक माझी," दाजी म्हणाले. "तीस वर्षांची. कबूल." आवाज उतरायला लागला. "पण काल मी काय म्हणालो? माणसं हलली. हलली होती की नाही?"

"होती, पण..."

"पण तू मला कान तपासायला पाठवलंस. वायर नाही तपासलीस. वायर दोन पावलांवर होती."

भाच्याने रिसीव्हरच्या मागे बघितलं.

"तू याच खोलीत रांगायला लागलास. याच खोलीत अभ्यास केलास, ही रेकॉर्ड वाजत असताना. सांग बघू, दुरुस्तीआधी ड्रम कुठल्या बाजूला होता? काल मी म्हणालो ते विसर. तुझ्या कानाला काय आठवतं ते सांग."

भाच्याने प्रामाणिकपणे डोळे मिटले. मिनिटभर उभा राहिला. त्याच्या खिशात नेहमी दोन इवलेसे इअरफोन असतात. त्याचा हात नकळत तिकडे गेला आणि परत आला. "नाही आठवत, बाबा."

"मेव्हण्या, तू?"

मी? मी त्या खोलीत शेकडो वेळा चहा प्यालो होतो. मला आठवत होता तो चहा.

"खिडकीकडे."

ताई होती, दारात, हाताला पीठ. "खिडकीकडे होता ड्रम. तो वाजला की खिडकीची सुटी काच झणझणते. दुसऱ्या गाण्यात जास्त. तेवढ्यावरून मला आत कितवं गाणं ते कळतं; चौथं संपलं की हे उठणार, मग गॅस मोठा करायचा. काल काच गप्प होती. मला वाटलं, कोणी पुटी लावली."

"मग काल बोलली का नाहीस?" दाजी उसळले. हे पहिल्यांदाच मोठ्याने. "मी इथे वेड्यात निघत होतो!"

"मला कोणी विचारलं?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उतरला. संसारात माणसं एकमेकांची हत्यारं उचलतात. "तुम्हाला एक दिवस कोणी विचारलं नाही तर सगळं रुग्णालय हलवून आलात. कागद आणलात. माणूस बोलावलात. मी तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. बस म्हणालात कधी? ती एक खुर्ची. नेलपॉलिश माझं, खुर्ची तुमची."

 शेंडीवाल्याने पेला नीट मधोमध ठेवला, जणू तोही एखाद्या खुणेवर ठेवायचा होता. मी दाजींकडे बघत होतो. त्यांचा राग तेव्हाही गेला नव्हता, तो खरा होता आणि त्याला जागा हवी होती. पण आता तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"काका," पोरगा हळूच म्हणाला, "पुन्हा उलटं करून देऊ?"

"उलटं नाही. होतं तसं," दाजी म्हणाले. "आणि तू नको. हा करेल." त्यांनी भाच्याकडे बोट केलं. "लाल खिडकीकडे. निळी भिंतीकडे. आधी बंद कर, मग हात घाल."

भाचा गुडघ्यांवर बसून रिसीव्हरच्या मागे गेला. बापाने वरून सांगायचं, त्याने खालून "हं" म्हणायचं, असं बराच वेळ चाललं. एक वायर दोनदा निसटली. "बोटं आहेत की भेंड्या?" दाजी म्हणाले, आणि पलीकडून "हं" आलं.

"पण बाबा, ते चूक आहे हे माहीत असून..."

"चूक माझी आहे, घर माझं आहे. ज्याला बरोबर ऐकायचंय त्याने आपल्या घरी ऐकावं." मग ताईकडे न बघता, "बस."

"पिठाचे हात आहेत माझे."

"असू देत. बस."

ताईने पदराला हात पुसले, फारसे निघाले नाहीत, आणि ती खुर्चीच्या टोकावर बसली, बँकेत बसावं तशी. "मागे टेकून," दाजी म्हणाले. ती टेकली. "गुबगुबीत आहे हो," ती मला म्हणाली, "उगाच नाही उठत."

दाजी रिसीव्हरपाशी गेले. पट्टी पिवळी उजळली. त्यांनी रेकॉर्डच्या दुसऱ्या गाण्यावर सुई ठेवली, बटणावर हात ठेवला आणि पत्नीकडे तोंड करून उभे राहिले, काचेशिवाय. आवाज एकतीस वर्षांच्या सवयीने आपोआप सपाट झाला.

"ऐकू आलं की बोट वर करा."

"करा?" ताई म्हणाली.

"कर."

बाई गायला लागली. पियानो भिंतीकडून आला. ताईने डोळे मिटले होते. पापण्यांवर पीठ लागलं होतं. मग ड्रम सुरू झाला, खिडकीची काच झणझणली, पण ताईचं बोट काच वाजायच्या आधीच वर होतं, खिडकीकडे झुकलेलं. दाजींनी शर्टाच्या खिशात पेन चाचपलं. लिहायला कागद नव्हता.