पोटोबाची ढेरी आणि विहीणबाईंची गाडी

गाडीचा दोष कानाने ओळखणारे मिस्त्री पुष्कळ असतात. आमच्या मिस्त्रीचे कान बेताचेच होते. त्याचं सगळं शहाणपण पोटात होतं. म्हणून सगळे त्याला पोटोबा म्हणत, आणि तोही त्या नावाला अभिमानाने ओ देई.

त्याची ढेरी मोठी होती, पण ओघळलेली नव्हती. काठोकाठ भरलेल्या घंगाळासारखी ती त्याच्या पुढे पुढे चाले. थरथरणारी गाडी गॅरेजात आली की पोटोबा ती स्वतः चालवत नसे. मालकाला चालवायला लावी आणि आपण शेजारी बसे. सदऱ्याची खालची बटणं सोडी, हात मांड्यांवर ठेवी, डोळे मिटे. गाडी ऐंशीच्या पुढे गेल्यावर ढेरीवर बारीक लहरी उठल्या, तळ्यावर वारा सुटावा तशा, तर समजायचं की चाकाचा तोल गेला आहे. पुढे बसून लहर मोठी लागली तर दोष पुढच्या चाकांत, मागे बसून मोठी लागली तर मागच्या. आणि ब्रेक दाबताच ढेरीला ठोके बसू लागले, दारावर कुणी घाईने थाप मारावी तसे, तर ब्रेकची डिस्क वाकडी झालेली. लोक हसत, पण गाडी त्याच्याकडेच आणत.

अट एकच. पोट रिकामं हवं. भरलेलं पोट म्हणजे भिजलेला ढोल, कितीही बडवा, बोलणार नाही. तपासणीच्या दिवशी पोटोबा चहासुद्धा घेत नसे. त्याची बायको म्हणे, "अहो, एवढे उपास देवासाठी केले असते तर देव स्वतः गाडी दाखवायला आला असता."

या पोटोबाची लेक घाटाच्या पायथ्याच्या एका गावात दिली होती. घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात ती नर्स होती, आणि सासरची गाडी घेऊन रोज चढून जाई, उतरून येई. एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, गाडी ऐंशीला गेली की थरथरते. उतारावर ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात नाचतं. आई म्हणतात माझा हात जड आहे, मीच गाडी बिघडवली. त्यांनी किल्ली काढून घेतली. सकाळच्या पाळीला बस नाही. नोकरी जाईल माझी. तुम्ही या आणि तुमच्या पोटाने काय ते सांगा."

आई म्हणजे तिची सासू, पोटोबाची विहीण. बाई सडपातळ, ताठ, आणि स्वच्छतेला इतकी कडक की त्या घरात धूळसुद्धा विचारून येई. फाटकाशीच पाण्याने भरलेली बादली आणि काथ्याचा ब्रश ठेवलेला. बाहेरून जे येईल त्याने पाय धुवायचे आणि मग आत यायचं. पोटोबा आणि त्याची बायको बसने उतरून फाटकाशी पोचले, तेव्हा विहीणबाईंनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडांकडे.

"या. पाय धुवा. बोटांच्या मधूनही."

कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. त्यात गाडीची किल्लीही लटकत होती. लेकीने बापाला ती डोळ्यांनीच दाखवली.

तपासणी जेवणाआधी करायची असं पोटोबाने मनाशी ठरवलं होतं. पण पानं मांडून झाली होती, आणि व्याह्यांच्या घरी वाढलेल्या पानावरून उठायचं म्हणजे संबंध तोडायचे. विहीणबाई वाढायला लागल्या की थांबत नसत. पोटोबाने ताटावर हात आडवा धरला तर त्यांनी हाताच्या बाजूने वाढलं.

"पुरे हो विहीणबाई."

"एवढ्या पोटाला एवढंसं? लोक म्हणतील आम्ही उपाशी ठेवलं."

जेवण झाल्यावर त्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवली, तपासणीपुरती. लेक चालवायला बसली, पोटोबा शेजारी, विहीणबाई देखरेखीला मागे आणि त्यांच्या बाजूला पोटोबाची बायको. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. पोटोबाने बटणं सोडली, हात मांड्यांवर ठेवले, डोळे मिटले. आणि मिटले ते मिटलेच. गार वारा, भरलं पोट, लेकीच्या शेजारी बसल्याचं सुख. गाडी ऐंशीला गेली, नव्वदला गेली, घाट चढली, उतरली, तिच्या अंगात हीव भरलं तरी पोटोबाला पत्ता नाही.

घराशी गाडी थांबली तशी विहीणबाईंनी मागून विचारलं, "काय म्हणतंय पोट?"

पोटोबा दचकून जागा झाला. झोपलो होतो असं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. इतकी वर्षं कमावलेलं नाव. तो घसा खाकरून म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे."

"मग झालं तर," विहीणबाई म्हणाल्या. "दोष हातांचाच." आणि त्यांनी किल्ली पुन्हा जुडग्यात ओवली.

लेक नळाशी जाऊन हात धूत राहिली, जणू दोष खरंच तिथे लागलेला होता. बायकोने पोटोबाला परसात गाठलं.

"घोरत होतात."

"विचार करत होतो."

"मला तुमचा विचार तीस वर्षं ऐकू येतोय. लेकीला आईबापाशिवाय कुणाचा आधार असतो? आणि तुम्ही तिला पोटापायी बुडवलंत."

पोटोबाला ते लागलं. संध्याकाळी पान मांडल्यावर तो जेवायला बसलाच नाही. विहीणबाईंसमोर हात जोडून उभा राहिला.

"विहीणबाई, दुपारी पोट भरलेलं होतं. त्याला काही कळलं नाही. सकाळी उपाशीपोटी पुन्हा बसतो. तोवर मला पाणीच द्या."

"म्हणजे दोष आमच्या जेवणाचा."

"जेवण उत्तम होतं. तेच तर झालं."

व्याही हे मऊ स्वभावाचे गृहस्थ. दोन्ही बाजूंना मान डोलावून त्यांच्या मानेला तशी सवयच लागली होती. ते हळूच म्हणाले, "जेवून घ्या हो. पाहुणा उपाशी राहिला की त्याचं पानही मलाच संपवावं लागतं."

पण पोटोबा ढळला नाही. सकाळी न्याहारीलाही त्याने तोंड फिरवलं. विहीणबाईंचा चेहरा इस्त्री केल्यासारखा झाला. तरी त्यांनी किल्ली दिली, कारण पाहुण्याने हात जोडले होते.

या वेळी ढेरी जागी होती. गाडी सत्तरपर्यंत शहाण्या मुलीसारखी गेली. ऐंशीला पोटोबाच्या बेंबीभोवती पहिली लहर उठली, मग तिच्या मागून दुसरी, आणि बघता बघता सगळं तळं हललं. मग तो मागे जाऊन बसला आणि विहीणबाईंना पुढे बसवलं. मागेही तेच. चारी चाकांचा तोल गेलेला. तेवढ्यात पुढून खणखण ऐकू येऊ लागली. विहीणबाईंच्या कमरेचा जुडगा वाजत होता.

"विहीणबाई, किल्ल्या वाजतायत."

"त्या वाजतातच," असं म्हणून त्यांनी जुडगा मुठीत आवळला. मग मूठच थरथरायला लागली, तेव्हा त्यांनी ती पदराखाली घेतली.

घाट उतरताना लेकीने ब्रेक दाबला. पोटोबाच्या ढेरीला थाड थाड ठोके बसले, स्टिअरिंग नाचलं.

"दोन आजार आहेत," पोटोबा म्हणाला. "चाकांवर तोलासाठी चिकटवलेली वजनं असतात, ती पडली आहेत. आणि ब्रेकच्या डिस्क वाकड्या झाल्यात."

"आपोआप?" विहीणबाईंनी विचारलं. "जपून वापरलेली वस्तू आपोआप वाकडी होत नाही. बिघडली म्हणजे चालवणारीनेच बिघडवली."

लेकीने आरशातून बापाकडे पाहिलं. दोष सापडला होता, पण तिच्याच माथी बसत होता.

गाडी फाटकाशी आली. विहीणबाई आधी उतरल्या. त्यांनी बादली उचलली आणि घाट उतरून तापलेल्या पुढच्या चाकावर रिती केली. चर्रर्र झालं आणि वाफेचा लोट उठला. मग दुसरी बादली, दुसरं चाक. मग ब्रश घेऊन त्या रिमच्या आतली बाजू घासू लागल्या. बाहेरून येणाऱ्याने पाय धुवायचे. गाडी तरी त्याला अपवाद कशी असेल?

पोटोबा जागीच उभा राहिला. बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि दंडाला चिमटा काढला. "कळलं. पण तोंड सांभाळा. लेकीला याच घरात राहायचंय."

आता खायला हरकत नव्हती. पोटोबा जेवणाच्या टेबलाशी बसला. वर पंखा गरगरत होता, तरी टेबलावरचं कापड जराही हलत नव्हतं. खुर्ची पुढे ओढताना त्या कापडाचा कोपरा त्याच्या ढेरीवर टप्पकन आपटला. उपाशी ढेरीने लगेच ओळखलं. कोपऱ्याला आतून छोटी पिशवी शिवलेली होती. पोटोबाने चाचपून पाहिलं: करडे, चौकोनी, जड तुकडे. चाकांची वजनं. चारी कोपऱ्यांत.

तो लेकीकडे बघून हसला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरीचा दोष नाही. कुणीतरी चोराने चाकांवरची वजनं काढून नेली असणार. रात्री फाटकातून शिरला असेल."

विहीणबाईंच्या हातातला डाव थांबला.

"कुठल्या फाटकातून?"

"याच. कडी नीट लागत नसेल."

"माझ्या फाटकातून मांजरसुद्धा न विचारता येत नाही."

"चोर विचारत नाहीत, विहीणबाई. दाराशी राखण कमी पडली, एवढंच."

हे मात्र त्यांना सोसवेना. सुनेवर आळ आला ते चालत होतं, पण घराच्या शिस्तीवर आळ यायला लागला होता. डाव खाली ठेवून त्या ताठ उभ्या राहिल्या. "या घरात कधी चोर आला नाही आणि येणारही नाही. ते तुकडे मी काढले. रिमला आतून घाण चिकटली होती, उलथन्याने खरवडून काढली. जड होती म्हणून टेबलाच्या कापडाला लावली. वस्तू वाया घालवायची आमच्याकडे पद्धत नाही."

सगळे आपापल्या ताटात बघत होते. व्याह्यांनी सवयीने दोन्ही बाजूंना मान डोलावली.

"अस्सं," पोटोबा अगदी सहज म्हणाला. "आणि विहीणबाई, तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतता का हो?"

"ओततेच. धुवायला नको?"

"मग तवे सरळ बसतात का?"

विहीणबाईंच्या आधी व्याहीच बोलले. लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोविरुद्ध बोलले म्हणाना. "नाही. आमच्याकडचे सगळे तवे डुगडुगतात. मला वाटायचं, तवे तसेच असतात."

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग बादलीकडे. चूक केली असं म्हणणारी ती बाई नव्हती. त्यांनी जुडगा सोडला, गाडीची किल्ली काढली, पदराने नीट पुसली आणि सुनेच्या ताटाशेजारी ठेवली.

"पण चाकं धुवायचीच," त्या म्हणाल्या.

"धुवा की," पोटोबा म्हणाला. "फक्त आधी गाडीला तासभर सावलीत बसवा. थकून आलेल्या माणसाच्या पायांवरसुद्धा लगेच गार पाणी घालू नये."

त्यांना ते पटलं. गाडीचे पाय, हे तर त्या पहिल्यापासूनच म्हणत होत्या.

डिस्क बदलून, चाकं मशीनवर चढवून नवी वजनं लावून घेतली. जुनी वजनं टेबलाच्या कापडालाच राहिली. मग शेवटची चाचणी घ्यायला चौघं गाडीत बसली. लेक ऐंशीला गेली, नव्वदला गेली, घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला. विहीणबाईंचा जुडगा त्यांच्या मांडीवर मांजरासारखा निपचित पडला होता. त्यांनी तो उचलून एकदा मुद्दाम हलवून पाहिला, वाजतो की नाही म्हणून.

"काय म्हणतंय पोट?" त्यांनी मागे वळून विचारलं.

दोन वेळच्या उपासाचं उट्टं काढून जेवलेला पोटोबा मागच्या सीटवर घोरत होता, आणि त्याची ढेरी बिनवाऱ्याच्या तळ्यासारखी शांत होती.

"विचार करतायत," त्याची बायको म्हणाली.