शेखरने न केलेली सही

पुंजाभाऊ माझे पक्षकार. सायखेड्याच्या अलीकडे त्यांची चार एकर द्राक्षबाग, आणि बागेच्या एका बांधावरून शेजाऱ्याशी एकोणीस वर्षं दावा. आधी निफाडच्या कोर्टात, मग अपील नाशकात. एकही तारीख चुकवली नाही या माणसाने. दावा उभा राहिला तो एका सहीमुळे. भांडण नको म्हणून त्यांच्या वडिलांनी बांध शेजाऱ्याचा असल्याचं लिहून दिलं होतं. "लिहून दिलं का संपलं, वकीलसाहेब," असं पुंजाभाऊ दर तारखेला म्हणायचे. मी मान डोलवायचो. हे त्यांच्या डोक्यात भरवलं मीच, उगाच दुसऱ्याच्या माथी कशाला मारू?

त्यांचा एकुलता एक मुलगा शेखर मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये काम करायचा. दीड वर्षापूर्वी ते जहाज बिघडून एका बेटाजवळ थांबलं. ते बेट दोन देश आपापलं म्हणतात. त्यातल्या एकाच्या गस्ती बोटींनी जहाज पकडलं आणि अकराही खलाशांना कोंडलं. अट एकच घातली. 'तुमच्या हद्दीत आम्ही परवानगीशिवाय घुसलो' या कागदावर सही करा आणि घरी जा.

घरच्यांशी बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटं मिळाली. शेखरचा फोन येणार म्हणून पुंजाभाऊ सकाळीच माझ्या ऑफिसात येऊन बसले. त्यांच्या पत्नी सिंधुवहिनी बागेत होत्या, घडांची विरळणी चालू होती.

"आबा, बाकीचे सही करतायत. मी करू का?" स्पीकरवर शेखरचा आवाज अगदी जवळून आल्यासारखा वाटला.

पुंजाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कागद न वाचता सही करू नये." केवढी अक्कल पाजळली!

"हद्द त्यांची हाय का?" पुंजाभाऊंनी विचारलं.

"कुणाची ते कुणालाच माहीत नाही, आबा."

"मग नको करू. उद्या तोच कागद आपल्यावर उलटंल. पोरा, दम धर."

"बरं," शेखर म्हणाला. फोन कट झाला.

दहा जण महिनाभरात आपापल्या घरी पोचले. शेखर तिथेच राहिला.

मग माझी धावपळ सुरू झाली. जन्मभर बांध आणि वाटण्या लढलेला मी समुद्राच्या कायद्याचा करार वाचायला बसलो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल कुणाचे, बिघडलेल्या जहाजाला थांबायची मुभा किती, सगळं त्यात लिहिलेलं होतं. परदेशी कैद्याला त्याच्या वकिलातीचा माणूस भेटू द्यायचा, हेही दुसऱ्या एका करारात होतं. पण बजावणी कोण करणार? आपल्याकडे निदान बेलीफ असतो. तिथे फक्त पत्रं.

आपल्या वकिलातीने भेट मागितली. उत्तर आलं, अर्जात बेटाला आम्ही दिलेलं नाव घाला. ते नाव घातलं असतं तर बेटावर दावा सांगणारा दुसरा देश दुखावला असता. म्हणून आपल्या लोकांनी नुसतं 'संबंधित ठिकाण' लिहिलं. पत्र परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा परत. सहा महिने असे गेले.

जूनमध्ये मी दिल्लीला जाऊन परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकारी बाईंना भेटलो. पुंजाभाऊ सोबत होते. शेखरने सही का केली नाही, ते मी सांगितलं.

"काका, कोंडलेल्या खलाशाच्या सहीने कुणाची हद्द ठरत नाही हो," त्या म्हणाल्या. "देशाने काय लिहिलं ते धरतात. त्याने सही केली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं."

परतीच्या गाडीत पुंजाभाऊंनी पाण्याचा घोटही घेतला नाही. नाशिकरोडला उतरल्यावर एवढंच म्हणाले, "हिला सांगू नका." मी 'बरं' म्हणालो.

जुलैत वकिलातीच्या माणसाला भेटीची परवानगी मिळाली. ओळख पटवायची होती. शेखर तापाने गेला होता. कसला ताप, किती दिवस होता, औषध दिलं की नाही, काही कळलं नाही. भेट मिळाली ती अशी!

दहाव्यानंतर मी सायखेड्याला गेलो. सिंधुवहिनींनी चहा ठेवला. त्या कोरड्या डोळ्यांनी बोलत होत्या, आणि ते मला जास्त सोसवत नव्हतं.

"दहा पोरं आली, वकीलसाहेब. सही केली अन् आली. यालाच कसली मिजास होती? पहिल्यापासून हट्टी. कुणाचं म्हणून ऐकलं नाय त्यानं."

मी कपात पाहत राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

पुंजाभाऊ भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "ऐकलं गं. माझं ऐकलं त्यानं."