बाबांचा नंबर शेवटचा

माझ्या वडिलांचं पोट पाच दिवस साफ झालं नव्हतं, आणि बदलापूरला बेलवलीतल्या आमच्या बिल्डिंगीत ही बातमी पाण्याच्या टँकरच्या आधी वरच्या मजल्यावर पोचली. तळमजल्यावरच्या काकूंनी एरंडेल पाठवलं, तिसऱ्या मजल्यावरून इसबगोल आलं, समोरच्या वहिनींनी तर दूध-तुपाचं पातेलंच आणून ठेवलं. तेवढ्या ऐवजानं बारवीच्या धरणाचे दरवाजे उघडले असते. बाबा ढिम्म.

चार दिवस मी त्यांची चेष्टा केली, हे कबूल करतो. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना उलटी झाली आणि चेष्टा तिथंच संपली. पोट भोपळ्यासारखं टणक लागत होतं. मी हात लावताच त्यांनी माझं मनगट असं आवळलं की हाडाचा चुरा होऊन बाहीतून गळेल असं वाटलं.

"अहो, अजून थोडं एरंडेल द्यायचं का?" बायकोनं विचारलं.

"आता काही देऊ नकोस. रिक्षा बघ."

बदलापूर ते उल्हासनगर या रस्त्यावर किमान नऊशे गतिरोधक आहेत. मी मोजलेत, कारण प्रत्येकावर बाबा डोळे मिटत होते.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई सिंधी. निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "अंकल, वारा सरतो?"

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "पहाटे सरला. थोडा."

"ते ठीक. तरी फोटो काढू. आतड्याला पीळ असला तर ऑपरेशन, आजच्या आज."

मी भल्याभल्यांना गप्पांत गार करणारा माणूस. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी फरशा मोजत होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं शरीर, आणि त्यावर सुरी. बाबा शेजारी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. एक्स-रे हातात पडायला अर्धा तास लागला असेल, पण तेवढ्यात माझे कानावरचे केस पांढरे झाले.

बाईंनी फोटो उजेडावर धरला. "पीळ नाय. खाली मळाचा दगड झालाय नुसता."

मग त्यांनी गोळ्यांची पिशवी मागितली. लोहाच्या, कॅल्शियमच्या, आणि न्हाणीघरात घसरल्यापासून कंबरेसाठी चालू असलेली जबरदस्त वेदनाशामक. "ये दर्दवाली गोळी ने आधा काम किया है," बाई म्हणाल्या. पाणी किती पिता? सारखं उठावं लागतं म्हणून बेतानं. कवळी? टोचते म्हणून डबीत. जेवण म्हणजे चहात बुडवलेली पोळी. चालणं? गॅलरीपर्यंत.

"आणि लागली की लगेच जाता ना, अंकल?"

"लगेच कसं जाणार?" बाबांना प्रश्नच कळला नाही. "सकाळी तिघांच्या गाड्या असतात. मला कुठं पाळी गाठायचीय? सगळे गेले की बसतो. पण तोवर लागलेलं जातं निघून."

बाईंना काही समजलं नाही. मला समजलं. बाबा अंबरनाथला कारखान्यात होते तेव्हा आम्ही चाळीत राहत होतो. संडास चार, बिऱ्हाडं चाळीस. तिथं एकच कायदा होता: ज्याची कारखान्यातली पाळी आधी, त्याला रांगेत पुढं सोडायचं. त्यासाठी कुणी कधी भांडलं नाही. बाबांनी तो कायदा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणला, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांचा नंबर कायमचा शेवटचा झाला. आमच्या घरात संडास एक. त्यात रोज सकाळी पंचवीस मिनिटं मोबाइल घेऊन कोण बसतं, ते मी इथं सांगणार नाही. बायकोला विचारू नका.

नर्सनं एनिमा दिला आणि बजावलं, "दहा मिनिटं धरून ठेवा, मग जा." मी बाबांना कॉरिडॉरमधल्या संडासापर्यंत धरून नेलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. तेवढ्यात मागून एक पेशंट आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. बाबा बाजूला सरकले.

"तुम्ही जा आधी. तुम्हाला कामावर जायचं असेल."

तो माणूस खरंच पुढं झाला. मी दारात आडवा उभा राहिलो आणि बाबांवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "आत व्हा."

ते आत गेले. पुढची चाळीस मिनिटं मी त्या दाराला कान लावून होतो. ओळखपत्रवाला मला शिव्या देत खालच्या मजल्यावर गेला. अखेर पाण्याचा आवाज आला. बाबा बाहेर आले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "भूक लागली."

बाईंनी कंबरेची गोळी बदलली, पाण्याचे तांबे ठरवून दिले, कवळी घासून आणायला सांगितलं. शेवटची सूचना त्यांनी बाबांना नाही, मला दिली: चहा झाला की यांना पहिलं पाठवायचं, आत असताना हाक मारायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि बाबा आत गेले. बाहेर मी मांडी आवळून, बायको पर्स लावून, मुलगी कॉलेजची बॅग पाठीला. घड्याळ समोरच. बायकोची गाडी गेली. माझी जायच्या बेतात.

आतून बाबांचा आवाज आला, "कुणाला घाई आहे का रे?"

"नाही," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.