घाव सोसणाऱ्याचे प्राण

भयाला आपण दुर्बलतेचे लक्षण मानतो. परंतु काही माणसांच्या ठायी ते ममतेचेच जागरूक रूप असते. जे जपायचे, त्याच्याभोवती ते श्वास रोखून बसते. घड्याळजी तसे होते. परक्याच्या घड्याळाचे झाकण उघडतानाही त्यांच्या तळहाताला घाम सुटे.

पत्नी मात्र धीट. टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमची एकच कॅसेट ती वर्षानुवर्षे खेळली. त्यातल्या तीन योद्ध्यांना तिने नावे दिली होती: आई, बाबा, ताई. त्या खेळाचा न्याय विलक्षण. शत्रू मारून पायरी चढणे तिथे नाही. जे वापरावे ते वाढते. तलवार चालवणाऱ्याचा हात बळावतो, घाव सोसणाऱ्याचे प्राण वाढतात. आणि जो मेला, तो कायमचा पुसला जातो. म्हणून घड्याळजी तिच्या खुर्चीमागून पुनःपुन्हा विनवीत, "अगं, स्वतःला मागच्या रांगेत ठेव." तिने ऐकले. शेवटच्या किल्ल्याच्या दारापर्यंत ती पोहोचली, आणि आजारी पडून गेली.

दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, लेकीने कॅसेट लावली.

"बाबा, आईचे प्राण नव्वदच! आत पाऊल टाकलं की संपली. तुम्हीच लपवलंत ना तिला?"

घड्याळजी खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. "मग आता गं?"

"आपल्यातल्याच कुणीतरी तिला मारायचं. सोसेल तशी वाढेल. तुमचा गडी मारेल."

"मी तिला कधी बोटही लावलं नाही."

"बोट कसलं, आवाज चढवायची तरी छाती होती का? दाबा बटण."

त्यांनी दाबले. पडद्यावरची आई थरथरली. लढाई संपताच तिचे प्राण शंभर झाले. लेक हरखली, घड्याळजींची नजर मात्र दुसऱ्याच आकड्यावर खिळली. पहिला घाव तीसचा, दुसरा बेचाळीसचा, मग अठ्ठावन्न, मग शहाऐंशी. दर लढाईनंतर प्राण पुन्हा पूर्ण भरत, पण दहानेच वाढत. मारणारा हात त्याहून वेगाने. पाचव्या लढाईत एकशे तीसपैकी तीनच प्राण उरले.

लेकीने घाईघाईने शत्रू मारून लढाई आटोपली. "वाचली! अजून एकदा, बाबा."

"नको!" घड्याळजींनी तिचा हात अडवला. "पुढच्या घावाला ती उरणार नाही."

त्यांनी बाबाच्या हातची तलवार काढून आईला दिली.

"हे काय? अशाने आईचे प्राण वाढायचे नाहीत."

"माझे वाढतील. आत गेलो की तिच्यापुढे मी उभा राहीन."

त्यानंतर दर रविवारी आई बाबाला मारी, आणि प्रत्येक घावाला खुर्चीतले घड्याळजी दचकत. "अजून थोडे वाढू देत," असे म्हणत किल्ल्यात शिरण्याचे त्यांनी चार वर्षे लांबवले. मग एके सकाळी दुकानातच त्यांचे हृदय थांबले.

कॅसेट आता लेकीकडे आहे. तिघेही दाराबाहेर जिवंत आहेत. आईचे प्राण एकशे चाळीस, बाबाचे नऊशे बारा.