मुठीचे माप

तळोद्याचा तो मिस्त्री मोजपट्टीपेक्षा स्वतःच्या मुठीवर अधिक विश्वास ठेवतो. माझ्या शेजाऱ्याच्या पिकअपला मागे दोन्ही बाजूंना एकेका चाकाऐवजी त्याने जोडचाके बसवली. ओझ्याखाली टायर फुगतात. जोडीतले टायर एकमेकांना घासले, तर सातपुड्याच्या चढावर फुटतील. म्हणून त्याने आम्हा बघ्यांनाच हौद्यात चढवले.

"गुरुजी, तुम्हीबी चढा. रिकामी गाडीनं माप खोटं शे."

"मी कशाला?"

"आज तरी पोट कामले येई!"

चौदा जण दाटीने उभे राहिलो. त्याने वाकून दोन टायरांमध्ये मूठ घातली. ती अलगद पार गेली. एरवी न हसणारा तो माणूस काळी मूठ उंचावून हसला. शेजाऱ्याने गाडी सुरू केली. उतरावे असे कुणालाच वाटले नाही.